नाईल अडवायला निघालेला माणूस

इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास आजच्या इराकमधल्या बसरा शहरात झाला. गणित, ग्रहतारे आणि प्रकाश हे त्यांचे अभ्यासाचे विषय. नाईलला पूर जादा आला की इजिप्तमधली गावे बुडत, कमी आला की दुष्काळ पडे. पाण्याचा बंदोबस्त केला तर नदी दोन्ही वेळा उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते. ते कैरोचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानावर गेले. खलिफांनी त्यांना बोलावून घेतले आणि स्वतः शहराबाहेर येऊन त्यांचे स्वागत केले, असे जुने चरित्रकार सांगतात.

कारागिरांना बरोबर घेऊन ते नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघाले. वाटेत प्राचीन इजिप्तची प्रचंड दगडी बांधकामे दिसत गेली. इतके जाणते लोक इथे होऊन गेले, नदी अडवणे शक्य असते तर त्यांनीच अडवली असती, हा विचार त्यांना सोडेना. आस्वानजवळची जागा पाहिल्यावर हाती असलेल्या साधनांनी हे काम होणार नाही अशी त्यांची खात्री पटली. ते परतले आणि खलिफांना तसे सांगितले.

हे सोपे नव्हते. अल-हाकिम लहरी होते, त्यांची मर्जी फिरली की माणसाच्या जिवावर बेते. शिक्षा झाली नाही, उलट दरबारात काम मिळाले. पण भीती जाईना. शेवटी इब्न अल-हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले आणि घरात नजरकैद पत्करली. १०२१ मध्ये खलिफा एका रात्री टेकड्यांकडे गेले ते परतलेच नाहीत. तेव्हा कुठे इब्न अल-हैसम यांचे 'वेड' ओसरले. पुढे ते अल-अझहर मशिदीजवळ राहिले आणि युक्लिडच्या भूमितीसारख्या ग्रंथांच्या नकला करून पोट भरत राहिले.

'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा त्यांचा सात भागांचा ग्रंथ याच सुमाराचा. आरशावर तिरका आदळलेला प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात का परततो, हे सांगताना त्यांनी एक युक्ती केली. तिरक्या गतीचे दोन भाग केले : एक आरशावर सरळ आदळणारा, दुसरा आरशाला समांतर. आदळणारा भाग उलटा फिरतो, समांतर भाग तसाच राहतो. दोन्ही पुन्हा जोडले की परतीची वाट मिळते.

गतीसाठीची हीच रीत बलांना लागू व्हायला सतरावे शतक उजाडले. १६८७ मध्ये न्यूटन यांनी ती आपल्या ग्रंथात मांडली. कागदावर चार बोटे लांब बाण खाली काढा, त्याच्या टोकापासून तीन बोटे लांब बाण आडवा काढा. सुरुवात आणि शेवट जोडणारी तिरकी रेघ पाच बोटे भरते. चार आणि तीन यांचे सात होत नाहीत, कारण दिशा वेगळ्या आहेत. ही रेघ म्हणजे दोन्ही बलांचे परिणामी बल.

पाटण तालुक्यातले कोयना धरण याच हिशेबावर उभे आहे. १०३ मीटर उंचीच्या भिंतीचे वजन खाली दाबते, शिवसागराचे पाणी तिला आडवे ढकलते. दोन्हींची तिरकी रेघ पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात उतरली पाहिजे. ती त्यापुढे सरकली की पाण्याकडची बाजू ताणली जाते, आणि दगड-काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे या हिशेबात तिसरा बाण आला. तेव्हा रमजान चालू होता. रोजा धरण्यापूर्वीच्या जेवणाची, म्हणजे सहेरीची ती वेळ. सव्वाचारनंतर जमीन हादरली. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, हजारो घरे पडली. भूकंपाचा धक्का क्षणाक्षणाला दिशा बदलतो, त्याबरोबर परिणामी बलाची रेघही हलते. भिंतीच्या वरच्या भागात तडे गेले, पण धरण टिकले. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत करण्यात आले.

इब्न अल-हैसम १०४० च्या सुमारास कैरोत वारले. चंद्राच्या प्रकाशावर आणि किबल्याची दिशा काढण्यावरही त्यांनी लिहून ठेवले आहे. आस्वानचे मोठे धरण त्यांच्यानंतर नऊशेहून अधिक वर्षांनी, १९७० मध्ये पूर्ण झाले. जे त्यांना जमण्यासारखे नव्हते ते त्यांनी बांधायला घेतले नाही, आणि हे ज्यांना सांगायचे भय होते त्यांनाच जाऊन सांगितले. पाटणपासून कऱ्हाडच्या संगमापर्यंत नदीकाठी निर्धास्त झोपणारी गावे हिशेब करणाऱ्यांच्या अशाच खरेपणावर विसंबून असतात.