बिल विल्सन : व्यसनाच्या मुळाशी पोहोचलेला माणूस

मद्यपी माणसाला आपण उपदेश करतो, धाक घालतो, शपथा घ्यावयास लावतो. परंतु तो पितो तरी कशासाठी, याचा विचार क्वचितच करतो. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक, बिल विल्सन, यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट नावाच्या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. जन्मस्थान होते एका सराईतील मद्यगृहामागची खोली. घराण्यात दारू होतीच. वडिलांचे वडील मद्यपी होते. मात्र एके दिवशी डोंगरावर त्यांना आध्यात्मिक अनुभव आला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. बिल सुमारे दहा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले. वडील दूर पश्चिमेकडे निघून गेले, आई वैद्यकीय शिक्षणासाठी बॉस्टनला गेली आणि बिल व धाकटी बहीण आजोळी राहिली. आपण नकोसे आहोत, हे शल्य मुलाच्या मनात रुतले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गोष्टीत पहिले येण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १९१२ साली त्यांचे जिच्यावर प्रेम होते ती बर्था बॅमफर्ड शस्त्रक्रियेनंतर वारली आणि शाळेत अग्रेसर असलेला हा तरुण दीर्घ औदासीन्यात बुडाला. तोवर त्यांनी मद्य चाखलेही नव्हते.

पहिला पेला हाती आला तो १९१७ मध्ये, सैन्यात अधिकारी असताना. न्यू बेडफर्ड शहरातील प्रतिष्ठितांच्या मेजवान्यांत हा संकोची खेडूत बावरून जाई. दारू पोटात जाताच परकेपणाची भिंत कोसळल्यासारखी त्यांना वाटली. तारुण्यात दारूने त्यांना चारचौघांत मिसळण्याचे धैर्य दिले.

१९१८ मध्ये लोइस बर्नहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात शिरले. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तरी त्या बाजारातील पैसेवाल्यांच्या बैठकी पेल्यांवाचून होत नसत. आता दारू महत्त्वाकांक्षेची सोबतीण झाली. लोइस यांना मातृत्व लाभले नाही, तेही दुःख घरात होते. १९२९ साली बाजार कोसळला, संपत्ती गेली, पत गेली. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून संसार चालवू लागल्या आणि बिल शरमेपोटी पिऊ लागले. पिण्याचे कारण वयागणिक बदलले. आतली पोकळी मात्र तीच राहिली.

टाउन्स रुग्णालयात डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावले की, हा केवळ दुर्बल इच्छाशक्तीचा प्रश्न नसून आजार आहे. तेवढ्याने दारू सुटली नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र शुद्धीत त्यांच्या घरी आला. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत त्याला नवे जीवन लाभले होते. त्याने उपदेश केला नाही. स्वतःची हकीकत सांगितली. डिसेंबरात पुन्हा रुग्णालयात असताना बिल यांनी हताश होऊन देवाला हाक मारली. खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव त्यांना आला. त्यानंतर ते कधीही प्याले नाहीत.

खरी कसोटी मे १९३५ मध्ये ॲक्रन शहरात झाली. व्यवहार फसला होता, खिसा रिकामा होता आणि हॉटेलच्या मद्यगृहातून हास्यविनोद कानी येत होता. ते आत गेले नाहीत. तेथे लावलेल्या चर्चच्या यादीतून त्यांनी एका पाळकांना दूरध्वनी केला. आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशी त्यांना बोलायचे होते. अशा रीतीने डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या मद्यपानाचा शेवटचा दिवस. तोच संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

दारू सुटली म्हणून मनाच्या जखमा आपोआप भरल्या नाहीत. १९४४ नंतर सुमारे दहा वर्षे बिल यांना तीव्र नैराश्याने ग्रासले. माणसांच्या मान्यतेवर आपला जीव टांगलेला आहे, हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले व मानसोपचारही घेतले. धूम्रपान मात्र फार उशिरापर्यंत सुटले नाही. फुप्फुसांच्या विकाराने जर्जर झालेल्या अखेरच्या दिवसांत त्यांनी व्हिस्की मागितल्याचेही नमूद आहे. ती त्यांना देण्यात आली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी, आपल्या विवाहाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, ते निवर्तले.

शेवटच्या आजारातील ती मागणी वाचून कोणी खट्टू होऊ नये. छत्तीस वर्षे ते स्वबळावर उभे नव्हते, देवकृपेने व सोबत्यांच्या आधाराने उभे होते, हेच तीतून दिसते. आपल्या मंडळीतही असा कोणी मागच्या बाकावर बसून निमूटपणे निघून जात असेल. त्याच्या तोंडाला वास येतो, एवढेच आपल्या ध्यानात येते. त्याच्या शेजारी बसून त्याची कहाणी ऐकून घेणारा एकजण त्याला हवा आहे.