वास्को द गामा : जलमार्गाचा शोधक की सागरी सत्तेचा अग्रदूत?

गोव्यातील मुरगाव बंदरालगतचे शहर आणि तेथील रेल्वे स्थानक आजही ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामाच्या मृत्यूला २४ डिसेंबर २०२४ रोजी ५०० वर्षे पूर्ण झाली. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून भारतात पोहोचणारा पहिला नाविक, ही त्याची ओळख वादातीत आहे. मात्र त्या कामगिरीचा अर्थ काय लावायचा, याविषयी लिस्बन, गोवा आणि केरळ येथे एकमत झालेले नाही. या मतभेदाचे मूळ गामाच्या आयुष्यातच, त्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या सफरीमधील अंतरात आहे.

पहिली सफर

गामाचा जन्म १४६० च्या दशकात पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील सिनेस या गावी झाला. त्याचे वडील तेथील किल्ल्याचे अधिकारी होते. मिरी, दालचिनी, लवंग हे मसाल्याचे पदार्थ त्या काळी अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून युरोपला मिळत असत. हा व्यापार थेट आपल्या हाती यावा, यासाठी पोर्तुगालचे राजे अनेक दशके आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जहाजे पाठवीत होते. बार्तोलोमेव दियश याने १४८८ मध्ये आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले. उरलेला मार्ग पूर्ण करण्याची कामगिरी राजा मॅन्युएल पहिला याने गामावर सोपविली.

८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन गामाने लिस्बन सोडले. त्याचा भाऊ पाउलो एका जहाजाचा कप्तान होता. नोव्हेंबरमध्ये केप ऑफ गुड होप ओलांडून हा ताफा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला. मोझांबिक आणि मोंबासा येथे स्थानिकांशी त्यांचे खटके उडाले. मालिंदीच्या राजाने मात्र त्यांना अरबी समुद्राची माहिती असलेला वाटाड्या दिला. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा लाभ घेऊन या वाटाड्याने जहाजे अवघ्या २३ दिवसांत मलबारच्या किनाऱ्यावर आणली. २० मे १४९८ रोजी गामा कालिकत, म्हणजे आजच्या कोळीकोडजवळ पोहोचला.

मलबारचा तो किनारा काही अज्ञात नव्हता. अरब, गुजराती आणि चिनी व्यापाऱ्यांचा तेथे शतकानुशतके राबता होता. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी नौदलप्रमुख झेंग ह याचे प्रचंड ताफे कालिकतला येऊन गेले होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील चौल बंदरात गामाच्या सुमारे तीन दशके आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता. विक्रीसाठी एक घोडा बरोबर घेऊन आलेल्या या प्रवाशाचे स्मारक रेवदंडा येथे आहे आणि त्याविषयी कोणाची तक्रार नाही.

कालिकतच्या सामूतिरी राजाने, म्हणजे पोर्तुगीजांच्या झामोरीनने, गामाचे प्रथम आदराने स्वागत केले. पाहुण्यांना मात्र या देशाची पुरेशी ओळख नव्हती. वाटेतील एका देवळाला ते ख्रिस्ती प्रार्थनामंदिर समजले. राजाला नजर करण्यासाठी त्यांनी कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध काढला, तेव्हा दरबारातील अधिकाऱ्यांना हसू आवरले नाही. सोन्यामोत्यांचा व्यापार पाहिलेल्या त्या बंदरात अशा वस्तूंना किंमत नव्हती. जकातीवरून वाद झाला आणि ऑगस्टअखेर काही स्थानिक माणसांना ओलीस धरून गामाने कालिकत सोडले.

परतताना त्याने आजच्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी केली. गोवा तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. आदिलशहाच्या पदरी असलेला एक ज्यू मनुष्य गोव्याहून चौकशीसाठी बेटावर आला. गामाने त्याचा छळ करून त्याच्याकडून माहिती काढून घेतली आणि त्याला पोर्तुगालला नेले. पुढे तोच गास्पार द गामा या नावाने पोर्तुगीजांचा दुभाषी झाला.

वारे प्रतिकूल असताना निघाल्यामुळे परतीच्या वेळी अरबी समुद्र ओलांडण्यास जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्ही रोगाने माणसे पटापट मृत्युमुखी पडली. हात अपुरे पडल्याने एक जहाज जाळून टाकावे लागले. पाउलो द गामाचा वाटेत अझोर्स बेटांवर अंत झाला. १४९९ मध्ये स्वदेशी पोहोचलेल्यांची संख्या निघालेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. या सफरीतील धैर्य आणि चिकाटी गामाचे कठोर टीकाकारही नाकारीत नाहीत.

दुसरी सफर

पेद्रो काब्राल याच्या नेतृत्वाखालील पुढचा ताफा १५०० मध्ये कालिकतला आला. तेथे पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला होऊन पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. काब्रालने बंदरातील जहाजे जाळून आणि शहरावर तोफा डागून त्याचा सूड घेतला. या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर १५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा भारताकडे निघाला. या वेळी त्याच्या हाताखाली सुमारे २० जहाजांचे सशस्त्र आरमार होते.

ऑक्टोबर १५०२ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केची यात्रा करून परतणाऱ्या मुस्लिम यात्रेकरूंचे मिरी नावाचे जहाज गामाने अडविले. जहाजावरील धनिकांनी खंडणी देऊ केली. गामाने माल उतरवून घेतला आणि जहाजाला आग लावण्याचा हुकूम दिला. प्रवाशांनी अनेक दिवस प्रतिकार केला. स्त्रियांनी आपली मुले उचलून दाखवीत दयेची याचना केली, पण तिचा उपयोग झाला नाही. काही मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी वाचविण्यात आले आणि शेकडो माणसे जळून अथवा बुडून मरण पावली. या घटनेचा तपशील त्याच आरमारातील तोमे लोपिश या पोर्तुगीज प्रत्यक्षदर्शीने लिहून ठेवला आहे. त्यामुळे ती शत्रूने रचलेली कथा आहे, असे म्हणता येत नाही.

त्यानंतर गामाने कालिकतवर तोफांचा भडिमार केला आणि पकडलेल्या कोळ्यांचे व खलाशांचे अवयव तोडून ते सामूतिरीकडे पाठविले. याच काळापासून अरबी समुद्रात पोर्तुगीज परवान्याशिवाय व्यापार करू न देण्याचे धोरण आकारास आले. कार्ताझ या नावाने ओळखला जाणारा हा परवाना पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ कोकणातील बंदरांच्या आणि जहाजमालकांच्या मागे लागला. आजवर ज्या समुद्रावर कोणा एकाची मालकी नव्हती, तेथे तोफेच्या बळावर ती सांगितली जाऊ लागली. अठराव्या शतकात कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःची दस्तके देण्यास सुरुवात केली, ती याच दाव्याला आव्हान देणारी होती.

अखेरचे तीन महिने

दुसऱ्या सफरीनंतर सुमारे वीस वर्षे गामा पोर्तुगालमध्येच राहिला. १५१९ मध्ये त्याला विदिगेरा या परगण्याची सरदारकी मिळाली. दरम्यान १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला होता. गोव्याच्या विजयात गामाचा काहीही भाग नव्हता.

१५२४ मध्ये राजा जॉन तिसरा याने भ्रष्टाचाराने पोखरलेला कारभार सुधारण्यासाठी गामाला व्हाइसरॉय म्हणून पाठविले. दाभोळच्या परिसरात समुद्राच्या तळाशी भूकंप होऊन जहाजे हादरली, तेव्हा समुद्रच आपल्याला भिऊन थरथरत असल्याचे सांगून त्याने खलाशांना धीर दिला, अशी आख्यायिका आहे. सप्टेंबरमध्ये तो चौलला उतरला आणि तेथून गोव्याला गेला. आज्ञा मोडून जहाजातून आलेल्या स्त्रियांना त्याने गोव्यात जाहीर फटके मारविले. तेथून तो कोचीनला गेला आणि २४ डिसेंबर १५२४ रोजी तेथेच मरण पावला. कोचीनच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या, तथापि फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधील ती रिकामी समाधी आजही पर्यटक पाहतात.

स्मारके आणि विरोध

लुईश द कामोइश याच्या १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याने गामाला पोर्तुगीज राष्ट्राचा नायक बनविले. तरीही त्याच्या स्मारकाला पहिला धक्का पोर्तुगीजांनीच दिला. त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना जुन्या गोव्याच्या वेशीवर, म्हणजे आजच्या व्हाइसरॉय कमानीवर, गामाचा पुतळा बसविण्यात आला. फ्रान्सिस्कोवर रुष्ट असलेल्या पोर्तुगीज विरोधकांनी तो पाडला. काही वर्षांनी तो पुन्हा बसविला गेला. मांडवीकडे तोंड करून गामाचा पुतळा आजही त्या कमानीवर उभा आहे.

१८९८ मध्ये, पहिल्या सफरीच्या चौथ्या शताब्दीला, पोर्तुगीज सत्तेने गामाचा मोठा गौरव केला. पणजी येथे १८७१ मध्ये स्थापन झालेली साहित्य व विज्ञानविषयक संस्थाही त्याच्याच नावाने ओळखली जात होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर या संस्थेला राष्ट्रवादी पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव देण्यात आले. पणजीच्या नगर उद्यानातील स्तंभावर गामाच्या अर्धपुतळ्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

मुरगावच्या शहराचे नाव मात्र टिकून राहिले. वास्तविक गामा गोव्यात आला तेव्हा मुरगाव पोर्तुगीजांच्या ताब्यातही नव्हते. ते ज्या सासष्टी महालात मोडत असे, तो महाल त्यांना १५४३ मध्ये मिळाला. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी पोर्तुगीजांवर स्वारी करून गोव्याची सत्ता हादरविली होती. त्या स्मृतीला अनुसरून शहराला संभाजी महाराजांचे नाव द्यावे, अशी मागणी वेळोवेळी पुढे आली. अनेक रहिवाशांच्या दृष्टीने मात्र वास्को हे आता एका माणसाचे नाव उरलेले नाही. ते आपल्या गावाचे नाव आहे, इतकाच त्याचा अर्थ.

१९९८ मध्ये हा वाद सर्वाधिक तीव्र झाला. पहिल्या सफरीच्या पाचशेव्या वर्षी लिस्बनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले आणि तेथील नव्या भव्य पुलाला गामाचे नाव देण्यात आले. भारतातही स्मरणसोहळे व्हावेत, अशी कल्पना निघताच गोव्यात स्वातंत्र्यसैनिकांनी आणि केरळात विविध संघटनांनी निदर्शने केली. वसाहतवादाच्या आरंभाचा उत्सव वसाहतवाद भोगलेल्यांनी का करावा, हा त्यांचा प्रश्न होता.

इतिहासकारांचे मत

के. एम. पणिक्कर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात १४९८ पासूनच्या साडेचार शतकांना वास्को द गामा युग असे संबोधले आणि आशियावरील पाश्चात्त्य वर्चस्वाची सुरुवात तेथून मोजली. संजय सुब्रह्मण्यम यांनी १९९७ मधील चरित्रग्रंथात प्रत्यक्ष गामा आणि त्याच्याभोवती रचली गेलेली दंतकथा यांतील फरक कागदपत्रांच्या आधारे दाखविला. गामाची धार्मिक कट्टरता आणि दरबारी महत्त्वाकांक्षा त्यातून स्पष्ट होते.

या अभ्यासाचा एक साधा परिणाम भाषेवर व्हावयास हवा. गामाने भारताचा शोध लावला, हे वाक्य मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांच्या कानावरून गेले आहे. त्याने शोधला तो युरोपातून भारताकडे येणारा जलमार्ग, आणि त्याचाही अखेरचा टप्पा या समुद्रात वाढलेल्या वाटाड्याने दाखविला. त्या वाटाड्याचे नाव निश्चितपणे सांगता येत नाही. मिरी जहाजावर मेलेल्या बहुसंख्य यात्रेकरूंची नावेही कोठे नोंदलेली नाहीत. शहराचे नाव ठेवावे की बदलावे, याचा निर्णय तेथील नागरिक घेतील. नाव राहिले तरी किंवा बदलले तरी, १४९८ बरोबर १५०२ हे वर्षही पाठ्यपुस्तकांत आणि स्मारकांच्या फलकांवर आले, तर या नावाचा पूर्ण अर्थ पुढील पिढीला समजू शकेल.