उजेडाला वेळ सांगणारा माणूस

लग्नाच्या हॉलमध्ये हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. फोटोग्राफर स्टेजसमोर उभा असतो आणि त्याचा मदतनीस वधूवरांच्या बाजूला, उंच काठीवर फ्लॅश धरून. दोघांमध्ये वायर नसते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी बसवलेली असते. तिला ‘ट्रिगर’ म्हणतात. बटण दाबलं की डबीतून रेडिओ संदेश जातो, काठीवरचा फ्लॅश तो पकडतो आणि लखकन उजेड पडतो. समोरून आलेला उजेड चेहरा पोळीसारखा सपाट करून टाकतो, बाजूने आलेला नाका-गालांना उठाव देतो. एवढ्यासाठी ही खटपट.

यात अवघड भाग उजेडाचा नाही, वेळेचा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा पडदा सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागापर्यंतच एका क्षणी पूर्ण उघडा असतो. फ्लॅश त्याच फटीत पेटायला हवा. थोडा जरी चुकला, तरी फोटोत काळा पट्टा येतो. रेडिओ लहरीला तीस मीटर कापायला सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो, म्हणजे उशीर झालाच तर तो तिच्यामुळे नाही. तो होतो संदेश ओळखून पुढे देणाऱ्या सर्किटमध्ये. फ्लॅशला ‘आता’ असं नेमक्या वेळी कसं सांगायचं, या प्रश्नामागे ज्यांनी आयुष्य घातलं ते हॅरॉल्ड एजर्टन.

त्यांचा जन्म ६ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात झाला. बालपण ऑरोरा या छोट्या गावात गेलं. काकांकडून ते फोटो काढायला आणि धुवायला शिकले, शिकता शिकता वीज कंपनीत कामंही केली. कॅमेरा आणि वीज हे दोन नाद तिथेच लागले. १९२५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, मग वर्षभर जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी, आणि १९२६ मध्ये एमआयटी. तिथून ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

एमआयटीत त्यांचा अभ्यासविषय अगदी रुक्ष होता. विजेचा भार अचानक बदलला की मोठ्या मोटारी कशा वागतात, हे त्यांना पाहायचं होतं. पण गरगर फिरणाऱ्या मोटारीत काय दिसणार? नुसती धूसर चकती. प्रयोगात पाऱ्याच्या वाफेच्या नळ्या वापरल्या होत्या आणि त्या ठरावीक लयीत लुकलुकत. ही लय मोटारीच्या फेऱ्यांशी जुळली की फिरणारा भाग जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो, हे एजर्टन यांच्या ध्यानात आलं. प्रत्येक वेळी उजेड पडतो तेव्हा तो भाग पुन्हा त्याच जागी आलेला असतो, मधला प्रवास अंधारात होतो. १९३१ च्या सुमारास त्यांनी याच तत्त्वावर आपला स्ट्रोबोस्कोप उभा केला. कल्पना जुनी होती, पण इतका प्रखर, इतका आखूड आणि हवा तेव्हा पेटणारा उजेड नव्हता.

तोवर फोटोग्राफर मॅग्नेशियमची पूड पेटवत. धूर होई, ठिणग्या उडत, हात भाजत. मग काचेचे फ्लॅश बल्ब आले, पण एक बल्ब एकदाच. एजर्टन यांनी वेगळी वाट धरली. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची, तो वायू भरलेल्या नळीला जोडायचा आणि नळीला उच्च दाबाचा छोटा झटका द्यायचा. क्षणात वायू वाहक होतो, साठलेली सगळी वीज त्यातून धावते आणि नळी झळाळून विझते. पुन्हा वीज भरा, पुन्हा पेटवा. आजच्या फ्लॅशमध्येही हेच चालतं. (जाता जाता: बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका. सेल काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्ट टिकून असू शकतात आणि तो झटका गमतीचा नसतो.)

यातून कामाची वाटणीच बदलली. खोलीत अंधार केला की कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवला तरी चालतो, कारण उजेड पडेल तेवढाच क्षण फिल्मवर उमटतो. आता फ्लॅशला वेळ कोण सांगणार? एजर्टन यांनी हे काम घटनेकडेच सोपवलं. दुधाचा थेंब पडताना प्रकाशाची तिरीप अडवतो, ते जाणवलं की सर्किट ठरावीक वेळ थांबून फ्लॅश पेटवतं. बंदुकीच्या गोळीचा आवाज मायक्रोफोन ऐकतो आणि फ्लॅश लागतो. मायक्रोफोन थोडा पुढे-मागे सरकवला की क्षण बदलतो. सेकंदाला साडेआठशे मीटर वेगाची गोळी सेकंदाच्या हजाराव्या भागात पंच्याऐंशी सेंटिमीटर पुढे गेलेली असते. दहालाखाव्या भागात ती मिलिमीटरभरही सरकत नाही. म्हणून १९६४ च्या त्या प्रसिद्ध फोटोत सफरचंद दोन्ही बाजूंनी फुटतंय आणि गोळी मात्र रेखीव, हवेत टांगल्यासारखी दिसते.

दुधाच्या थेंबाचा मुकुट त्यांनी तीसच्या दशकापासून टिपायला घेतला. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या छायाचित्र प्रदर्शनात तो लागला. सर्वांना माहीत असलेला लाल पार्श्वभूमीचा रंगीत फोटो १९५७ चा. मधली वीस वर्षं हा माणूस थेंब पाडतच होता. कलावंत म्हणवून घेणं त्यांना रुचत नसे, आपण फक्त वस्तुस्थिती टिपतो असं ते मानत. त्यांच्या कामावरच्या लघुपटाला ऑस्कर मिळालं, तरी लोकांना ते ‘डॉक’ एजर्टनच राहिले.

दुसऱ्या महायुद्धात हा फ्लॅश विमानात चढला. शत्रूच्या हालचाली रात्री होत, म्हणून रात्री हवाई फोटो हवे होते. एजर्टन यांनी अजस्र कपॅसिटरांचा फ्लॅश बनवला. त्याची चाचणी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळावर झाली. रात्री एजर्टन कॅमेऱ्याचा पडदा उघडून जमिनीवर थांबले. वरून विमान गेलं, फ्लॅश लखलखला आणि अख्खं वर्तुळ, त्याच्या लांब सावल्यांसह, फिल्मवर आलं. कॅमेरा जमिनीवर, फ्लॅश आकाशात! लग्नातली काठी त्यापुढे फारच आखूड म्हणायची. नॉर्मंडीवर सैन्य उतरण्याआधीच्या रात्री हेच तंत्र वापरलं गेलं.

युद्धानंतरचं काम मात्र सहज कौतुकाने सांगता येत नाही. १९४७ मध्ये एजर्टन यांनी केनेथ जर्मेशॉसेन आणि हर्बर्ट ग्रिअर या जुन्या सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली. क्षण साधण्यातला त्यांचा हातखंडा सरकारला ठाऊक होता. अणुचाचण्यांमध्ये वेळ जुळवण्याची आणि स्फोटाचा संकेत देण्याची यंत्रणा या कंपनीकडे आली. स्फोटाचे फोटो काढायला फ्लॅश नकोच होता, उलट उजेड अडवणारा पडदा हवा होता, आणि कुठलाही हलणारा पडदा तेवढा चपळ नसतो. एजर्टन यांनी ध्रुवीकारक काचा आणि चुंबकीय क्षेत्र वापरून एकही भाग न हलणारा पडदा तयार केला. स्फोटानंतर मिलिसेकंदही उलटलेला नाही, फुगलेला गोळा आहे आणि खाली पोलादी मनोरा अजून उभा आहे, असे ते फोटो आहेत. दुधाच्या मुकुटाइतकेच ते सुबक आहेत, आणि पाहताना अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. नेवाडातल्या चाचण्यांची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर वस्त्यांवर गेली. तिथल्या कर्करोगग्रस्तांना भरपाई देण्याचा कायदा अमेरिकी संसदेने केला तो १९९० मध्ये. एजर्टन यांनी बॉम्ब बनवला नाही. पण इतक्या जवळून तो क्षण पाहणारे ते होते, आणि त्यांच्या चरित्रातलं हे पान घाईने उलटू नये असं मला वाटतं.

पन्नाशीत त्यांना समुद्राने खेचलं. १९५३ पासून ते फ्रेंच सागरसंशोधक जाक कुस्तो यांच्या मोहिमांवर जाऊ लागले. तळाशी ठार काळोख, त्यात प्रचंड दाब सोसणारे कॅमेरे आणि फ्लॅश त्यांनी उतरवले. जहाजावरच्या मंडळींनी त्यांचं नाव पापा फ्लॅश ठेवलं. पुढे उजेड पोहोचेना तिथे ध्वनी वापरून त्यांनी तळाचे नकाशे काढले. १९७३ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात बुडालेली ‘मॉनिटर’ ही युद्धनौका सापडली, त्या शोधात त्यांचं सोनार होतं.

४ जानेवारी १९९० रोजी एमआयटीच्या प्राध्यापकांच्या क्लबमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्यांची प्रयोगशाळा होती त्या मजल्यावरच्या लांब बोळात आजही त्यांची यंत्रं मांडलेली आहेत. तिथे पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. तिच्यावर लुकलुकणारा उजेड सोडला की धार तुटून थेंब थेंब होते आणि थेंब हवेत थांबतात. लुकलुकण्याची लय जरा वाढवली, की ते सावकाश वर, नळाकडे चढू लागतात.