कै. बाळू पालवणकर

जून महिन्यात शाळा पुन्हा सुरू झाली की पुष्कळ पालक मुलांसाठी मैदानी खेळाचे नवे साहित्य घेण्याच्या विचारात असतात. कोणती बॅट घ्यावी, चेंडू केवढा असावा, भारी किमतीचा घ्यावा की साधा चालेल, असे प्रश्न आम्हांसही विचारले जातात. दुकानात जे अधिक चकाकते तेच उत्तम, अशी मुलांची समजूत असते. आणि मुलाचा हट्ट पुरवावा की खिशाकडे पाहावे, अशा पेचात पालक सापडतात. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही प्रथम एका दूरच्या खेळाकडे आणि नंतर आपल्याच प्रांतातील एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हिरवळीवर मोठे गोळे घरंगळत नेऊन ते एका लहान पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ थांबवायचे, असा एक खेळ इंग्लंड व स्कॉटलंड या देशांत फार जुन्या काळापासून चालत आला आहे. त्यास लॉन बोल्स असे म्हणतात. आपल्याकडे तो फारसा कोणी खेळत नसे. परंतु २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारताच्या चार महिलांनी त्यात सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून त्याचे नाव आपल्या कानांवर येऊ लागले. या खेळातील चार गोळ्यांचा संच विकत घेताना जाणकार खेळाडू किमतीकडे किंवा रंगाकडे आधी पाहत नाही. तो गोळ्याच्या मध्याभोवती दोन्ही हातांची पकड घालतो. दोन्ही अंगठे एकमेकांस आणि दोन्ही मधली बोटे एकमेकांस सहज टेकली, तर तो आकार आपला असे समजतो. गोळा पूर्ण वाटोळा नसतो. त्याची एक बाजू अशी घडविलेली असते की, वेग मंदावला म्हणजे तो एका अंगास वळतो. कोरड्या, कठीण हिरवळीवर तो लांब जातो व अधिक वळतो. ओल्या, जड हिरवळीवर लवकर थांबतो व कमी वळतो. म्हणून संच निवडताना आधी आपला हात पाहावा आणि मग आपले मैदान पाहावे, हा त्या खेळातील शहाणपणाचा नियम होय.

हाच नियम क्रिकेटलाही लागू आहे. प्रौढांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. परंतु तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू नियमांतच सांगितला आहे. लहान हातात मोठा चेंडू दिला की बोटे शिवणीवर बसत नाहीत आणि मूल चेंडू वळविण्याऐवजी नुसता फेकू लागते. तेव्हा मुलाच्या हाताचे माप हेच पालकांनी प्रमाण मानावे. मात्र ज्यास हे एवढेही साहित्य कोणी विकत घेऊन दिले नाही, तरीही ज्याच्या बोटांपुढे मोठमोठे फलंदाज हतबल झाले, अशा एका खेळाडूचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचले पाहिजे. ते खेळाडू म्हणजे कै. बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव त्यांच्या कोकणातील मूळ गावावरून आलेले. वडील लष्करात चाकरीस होते, त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीच्या आसपास गेले. तेथे गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. हाताच्या मापाचा चेंडू निवडण्याची चैन त्यांच्या नशिबी नव्हती. जो चेंडू मिळेल त्याच्याशीच हाताने जुळवून घ्यावयाचे, असा तो प्रकार होता.

घरची स्थिती बेताची असल्याने बाळूंस लवकरच मिळकतीचे साधन शोधावे लागले. पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात दरमहा ३ रुपयांवर त्यांस काम मिळाले. खेळपट्टी झाडावयाची, तीवर रूळ फिरवावयाचा आणि सभासदांस सरावासाठी कधी चेंडू टाकावयाचे, असे ते काम होते. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला आणि कामही वाढले. मैदानावर रूळ फिरविणे, चुन्याच्या रेघा आखणे, जाळी उभारणे व उतरविणे, टेनिसची पटांगणे तयार करणे, ही सर्व कामे त्यांच्याकडे होती. सभासद सरावास आले की जाळीत तासन् तास गोलंदाजी करावयाची, हेही कामच होते. ग्रेग नावाचे एक प्रसिद्ध फलंदाज इतर सभासदांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांस बाद केले की प्रत्येक खेपेस आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. अशा रीतीने डाव्या हाताची मंदगती गोलंदाजी बाळूंनी हजारो चेंडू टाकून सिद्ध केली. चेंडूस उंची कशी द्यावी, वेग नकळत कसा बदलावा, टप्पा कोठे ठेवावा आणि तो दोन्ही अंगांस कसा वळवावा, हे सारे त्यांच्या बोटांत मुरले. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या क्लबात इतकी वर्षे चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. चाकराने चेंडू टाकावा आणि साहेबांनी फटके मारावेत, अशी ती वाटणी होती.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली. युरोपियनांशी सामना जिंकावयाचा तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा, हे उघड होते. तथापि तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा असल्याने काही सभासद त्यास घेण्याच्या विरुद्ध होते. अखेर जिंकण्याच्या इच्छेने जातीच्या अडसरावर मात केली, पण ती केवळ मैदानापुरती. खेळ चालू असताना बाळूंच्या हातचा चेंडू सर्वजण झेलीत. त्यात कोणास विटाळ वाटत नसे. खेळ थांबला की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांत चहा घेत आणि बाळूंस बाहेर मातीच्या परळात चहा मिळे. त्यांचे जेवणाचे ताट निराळे व बसण्याची जागाही निराळी. हात धुवावयाचे असले तर त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर कोपऱ्यात येऊन पाणी ओती. ज्या हातातून आलेला चेंडू चालतो त्याच हातास आपला पेला चालत नाही, ही विसंगती त्या काळी फारच थोड्यांस खुपली.

याच दिवसांत साताऱ्याचा तो प्रसिद्ध सामना झाला. साताऱ्यास त्या वेळी गोऱ्या लोकांचा जिमखाना होता. पुण्याचा हिंदू संघ तेथे खेळावयास येणार आणि त्यात बाळू असणार, हे कळताच जिमखान्याच्या सभासदांनी एक युक्ती योजिली. त्यांनी आपल्या माळ्यास आज्ञा करून सामन्यापूर्वी अनेक दिवस खेळपट्टीवर सतत रूळ फिरवून घेतला. खेळपट्टी दगडासारखी कठीण आणि गुळगुळीत झाली की चेंडूस पकड मिळत नाही. तो वळत नाही, सरळ बॅटीवर येतो. मंदगती गोलंदाजाचे शस्त्र बोथट करण्याचा हा जुना व खात्रीचा उपाय आहे. मैदान निवडून हात निरुपयोगी करावयाचा, असा तो बेत होता.

पण ज्याच्याविरुद्ध रूळ फिरविला त्याने स्वतः अनेक वर्षे रूळच ओढला होता! कोणती जमीन चेंडूस काय देते आणि काय नाकारते, हे बाळूंइतके त्या मैदानावर दुसऱ्या कोणास ठाऊक असेल, असे आम्हांस वाटत नाही. जमीन वळण देत नसेल तर हवेतच फलंदाजास फसवावे, वेग व टप्पा बदलीत राहावे, हे त्यांस अवगत होते. त्या सामन्यात बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा हिंदू संघ विजयी झाला. पुढे पुण्यास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषाने त्यांचा जाहीर गौरव केला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मिळालेला हा विजय सातारकरांनी विसरू नये असा आहे. याच साताऱ्यात १९०० साली एक लहान मुलगा हायस्कुलात दाखल झाला. तोही अस्पृश्य मानलेल्या कुळातला, सैन्यात नोकरी केलेल्या बापाचा मुलगा होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे तरुणपणी त्यांस बाळूंच्या पराक्रमाचा मोठा अभिमान वाटत असे.

पुढे बाळू मुंबईस आले. तेथे त्यांस रेल्वेत नोकरी मिळाली व ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत आटोपला. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. शिवरामही त्याच संघात होते. या विजयाने साऱ्या देशास आनंद झाला आणि त्यानंतर जिमखान्यात सहभोजनाचा अडसरही हळूहळू ढिला होत गेला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. तो संघ जिंकला थोडे आणि हरला पुष्कळ. परंतु बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ गडी बाद केले. इंग्लंडातील हिरव्या, ओलसर खेळपट्ट्या त्यांस सर्वस्वी नव्या होत्या. तरी त्यांच्या बोटांनी त्याही ओळखून घेतल्या.

इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस कधी दिले गेले नाही. वर्षानुवर्षे त्यांच्याहून कमी अनुभवाचे गृहस्थ नेमले गेले. १९२० साली तर त्यांस संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी खेळण्यास नकार देऊन आपला निषेध जाहीर केला. शेवटी बाळूंस परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावास नाकारलेला मान धाकट्यास मिळाला आणि त्या वर्षी हिंदू संघाने विजयही मिळविला. पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ गडी बाद केले; प्रत्येक गड्यामागे सरासरी सुमारे १५ धावा दिल्या. असे आकडे कोणत्याही देशाच्या गोलंदाजास भूषणावह ठरतील.

खेळातून निवृत्त झाल्यावर ते सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ सालच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. ज्या तरुणाने एके काळी त्यांचे कौतुक केले त्याच्याशीच त्यांचा मतभेद झाला. परंतु अस्पृश्यतेचा चटका दोघांनीही सोसला होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंचे निधन झाले. त्यापूर्वी तीन वर्षे, १९५२ च्या फेब्रुवारीत, भारताने मद्रासला आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता. त्या संघाचे कर्णधार होते सांगलीत एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी जन्मलेले विजय हजारे. कर्णधार निवडताना जात व धर्म पाहू नये, हा धडा तोपर्यंत देश थोडाबहुत शिकला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. मुलास खेळाचे साहित्य घेताना त्याच्या हाताचे माप घ्यावे आणि ज्या मैदानावर तो खेळणार ते पाहावे. शेजाऱ्याच्या मुलाकडे काय आहे ते पाहू नये. भारी चेंडू घेऊन देता आला नाही तरी खंत करू नये. झिजलेल्या चेंडूवर शिकलेली बोटे कोठवर पोहोचतात, हे वर आलेच आहे. आणि आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींस एवढेच सांगणे आहे की, आपला संघ निवडताना तुम्हीही हातच पाहा. कोणाचे आडनाव काय, कोणाचे घर कोठे, कोणाचे बूट नवे आणि कोणाचे फाटके, यांचा हिशेब करू नका. खेळ संपल्यावर पाण्याचा पेला सर्वांनी एकच वापरा. मैदानाच्या कोपऱ्यात रूळ पडलेला असेल तर शिपायाची वाट न पाहता पाळीपाळीने तो सर्वांनी ओढा. त्या कामात कमीपणा नाही. बाळू पालवणकरांनी जमिनीची पहिली ओळख रूळ ओढतानाच करून घेतली होती, आणि साताऱ्यास तीच त्यांच्या कामी आली.