नाशिकच्या खटल्यातील कॅथॉलिक बॅरिस्टर : काका बॅप्टिस्टा

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी ज्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी व कॅटेकिस्टांनी आपल्या धर्मग्रामाची उभारणी केली, त्यांचे स्मरण आपण करतो, हे यथायोग्यच आहे. त्यांच्या जोडीला एका प्रापंचिक कॅथॉलिकाचे चरित्रही वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. ख्रिस्ती माणूस या देशाचा की परक्या सरकारचा, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना अनेकदा ऐकावा लागला. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी त्या प्रश्नास आपल्या आचरणाने उत्तर दिले, आणि त्या उत्तराचा एक कसोटीचा भाग आपल्या नाशिक शहराशी निगडित आहे.

त्यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी मुंबईस माझगावच्या माथारपाखाडीत झाला. वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळील उत्तनचे. मुंबई, साष्टी व वसई या भागांतील मराठी बोलणारा हा जुना ख्रिस्ती समाज. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्याने ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. कंपनी सरकारशी असलेला आपला जुना संबंध दाखवून नोकऱ्यांतील हक्क राखावे, हा त्यातील हेतू होता. ज्या समाजाने असे नाव घेतले, त्याच समाजाने पुढे स्वराज्याच्या चळवळीस एक अध्यक्ष दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

माझगावच्या सेंट मेरी शाळेत आरंभीचे शिक्षण आटोपून बॅप्टिस्टा पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकले, मग केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले. 1901 साली ते मुंबई म्युनिसिपालिटीत निवडून आले आणि सुमारे सतरा वर्षे त्यांनी तेथे नगरसेवा केली. लोकमान्य टिळकांशी त्यांचा दाट स्नेह जमला. एक सनातनी चित्पावन ब्राह्मण व दुसरा श्रद्धावंत कॅथॉलिक. परंतु धर्मभेद त्या मैत्रीच्या आड कधी आला नाही. लोकांत ते काका याच नावाने ओळखले जात.

आता नाशिककडे वळू. जून 1909 मध्ये गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना राजद्रोही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच वर्षी 21 डिसेंबरच्या रात्री येथील विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या व त्यात त्यांचा अंत झाला. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी होते. त्यांची बदली झाली होती व तो प्रयोग निरोपासाठीच योजिला होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. शहरात धरपकड झाली व अनेक घरांवर संकट ओढवले.

लंडनमध्ये पकडलेले विनायक दामोदर सावरकर यांना बोटीने आणीत असता 8 जुलै 1910 रोजी त्यांनी मार्सेल्स बंदरात समुद्रात उडी घेतली, परंतु फ्रान्सच्या भूमीवर ते पुन्हा धरले गेले. पुढे मुंबईस सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर व हीटन या तीन न्यायाधीशांपुढे अडतीस आरोपींवर नाशिक कटाचा खटला चालला. त्यात सावरकरांच्या बचावास बॅप्टिस्टा उभे राहिले. परभूमीवर अशा रीतीने धरलेल्या इसमाचा न्याय करण्याचा अधिकार या कोर्टास नाही, अशी हरकत घेण्यात आली. न्यायाधीशांनी ती अमान्य केली. 24 डिसेंबर 1910 रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि जानेवारी 1911 मध्ये दुसऱ्या खटल्यात तशीच आणखी एक.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतो. मनुष्यहत्या हे पाप आहे, ही पाचवी आज्ञा आपल्याला बाळपणीच शिकविली जाते, आणि जॅक्सन यांच्या वधास कोणताही ख्रिस्ती मनुष्य पुण्यकर्म म्हणणार नाही. मग एका कॅथॉलिकाने हे वकीलपत्र का घ्यावे? आमच्या मते याचे उत्तर सरळ आहे. आरोपीची बाजू मांडणे म्हणजे अपराधाची तरफदारी करणे नव्हे. ज्याच्यावर साऱ्या राजसत्तेचा कोप झाला आहे, त्यालाही न्यायासनापुढे कोणी बोलणारा पाहिजे. तो न मिळाल्यास न्याय हा केवळ सूड ठरतो. राजनिष्ठ समजल्या जाणाऱ्या समाजातील बॅरिस्टराने ते काम पत्करणे हे लहानसहान धैर्य नव्हते. स्वतः बॅप्टिस्टांचा मार्ग मात्र म्युनिसिपालिटी, न्यायालय, सभा व संघटना यांचाच राहिला.

याच मार्गाने पुढे 1916 साली बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा पहिल्या अध्यक्षपदाचा मान बॅप्टिस्टांस मिळाला, चिटणीस न. चिं. केळकर होते. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, या घोषणेचे मूळ श्रेयही पुष्कळ लोक काकांस देतात. लीगचा पहिला वार्षिकोत्सव 1917 साली नाशकातच साजरा झाला व टिळकांचे भाषण येथे झाले. सात-आठ वर्षांपूर्वी जे शहर पिस्तुलाच्या आवाजाने हादरले होते, तेथेच आता हजारो लोक उघड सभेत सनदशीर स्वराज्याची मागणी ऐकत होते. त्याच वर्षी बॅप्टिस्टा लीगच्या कार्यासाठी इंग्लंडला गेले व तेथील मजूर पक्षापुढे त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली.

मजुरांविषयीची त्यांची कळकळ देशातही दिसून आली. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या संस्थेच्या संस्थापकांत ना. म. जोशी यांच्यासह बॅप्टिस्टा होते, व 1921 साली झरियाच्या कोळसाखाणींच्या प्रदेशात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मजुरास योग्य वेतन व संघटनेचा हक्क असावा, हे तत्त्व पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली आपल्या परिपत्रकात सांगितले होते. त्याच दिशेचे कार्य येथे एक कॅथॉलिक गृहस्थ करीत होता.

1925 साली मुंबईचे महापौरपद त्यांच्याकडे आले. 1930 साली त्यांचे देहावसान झाले व शिवडीच्या दफनभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास त्यांचे नाव आहे. परंतु नाशिक खटल्याची कथा सांगताना त्यांचे नाव पुष्कळदा राहून जाते.

आमच्या धर्मग्रामातील मुलांनी ते विसरू नये, एवढीच आमची इच्छा आहे. त्यांच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी कारखान्यात राबेल, कोणी नगरसेवक होईल. ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही असा माणूस त्यांच्या दारी येईल, तेव्हा त्याची जात, पक्ष वा धर्म न विचारता त्याच्यासाठी उभे राहण्याचे बळ परमेश्वराने त्यांस द्यावे, आणि काकांच्या आत्म्यास चिरशांती द्यावी, अशी आम्ही प्रार्थना करतो.