सत्येंद्रनाथ ठाकूर : न्यायासन आणि संसार

सनदी नोकरीची परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय म्हणून सत्येंद्रनाथ ठाकूर यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. पुढे रवींद्रनाथांची कीर्ती जगभर पसरल्यावर त्यांचे वडीलबंधू म्हणूनच लोक त्यांना अधिक ओळखू लागले. या दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आजच्या गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकाच्या मुलखात, त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ सेवा केली. त्या मुलखातील वाचकांना त्यांची तिसरी ओळखही असावयास हवी. अहमदाबादेपासून कारवारपर्यंत बदलीच्या गावोगावी त्यांनी जो संसार मांडला, त्यातच त्यांच्या आयुष्याचे मोठे कार्य घडले.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जून १८४२ रोजी कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकूरवाड्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथांचे ते द्वितीय चिरंजीव. १८५७ साली कलकत्ता विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली, तीत ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १८५९ मध्ये त्यांचा विवाह ज्ञानदानंदिनी या बालिकेशी झाला. देवेंद्रनाथ ब्राह्म समाजाचे धुरीण असले, तरी वाड्यातील स्त्रियांचा पडदा कडक होता. घरातील स्त्रियांना गंगास्नानासाठी नेत, तेव्हा त्यांना पालखीसकट पाण्यात बुडवून परत आणीत. तरुण सत्येंद्रनाथांना ही रीत मनापासून सलत असे. आपले मित्र मनमोहन घोष यांची व पत्नीची ओळख व्हावी म्हणून एका रात्री त्यांनी मित्राला गुपचूप अंतःपुरात नेले. मच्छरदाणीच्या आत पत्नी आणि मित्र दोघेही संकोचाने गप्प बसून राहिले, आणि ती भेट एक शब्दही न बोलता संपली. प्रसंग विनोदी खरा, पण त्यामागची तळमळ विनोदी नव्हती.

१८६२ मध्ये याच मित्रासह ते विलायतेस गेले. मनमोहनांना परीक्षेत यश आले नाही व ते पुढे बॅरिस्टर झाले. सत्येंद्रनाथ मात्र १८६३ मध्ये यशस्वी ठरले. विलायतेत स्त्रियांचा मोकळा वावर पाहून त्यांनी पत्नीला आवर्जून पत्रे लिहिली आणि तिला तिकडे पाठवावे अशी वडिलांना विनंती केली. देवेंद्रनाथांनी ती मान्य केली नाही. पित्यावर सत्येंद्रनाथांची नितांत भक्ती होती. त्यांनी भांडण मांडले नाही, आणि आपला विचारही सोडला नाही.

१८६४ च्या अखेरीस ते परतले आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. कलकत्त्यापासून दूरची ही नेमणूक त्यांच्या पथ्यावरच पडली. पत्नीला बरोबर नेण्यास वडिलांनी संमती दिली. मात्र सुनेने वाड्यातून उघड्या गाडीने जाऊ नये, एवढा आग्रह राहिला. तेव्हा ज्ञानदानंदिनी पालखीतून बोटीपर्यंत गेल्या. घराबाहेर नेसण्याजोगा पेहरावच बंगाली स्त्रीपाशी नसल्यामुळे त्यांच्यासाठी मुद्दाम एक पोशाख शिवून घ्यावा लागला होता. मुंबईस हे दांपत्य मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी यांच्या घरी राहिले. तेथील स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून ज्ञानदानंदिनींनी तीत आपल्या सोयीचे फेरबदल केले. पुढे तीच पद्धत बंगालच्या सुशिक्षित घरांत रूढ झाली. १८६६ मध्ये कलकत्त्यास लाटसाहेबांच्या समारंभाला त्या उपस्थित राहिल्या, तेव्हा घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील एक वडीलधारे गृहस्थ लाजेने तेथून निघून गेले. अशा वेळी सत्येंद्रनाथ शांतपणे पत्नीच्या पाठीशी उभे राहिले.

अहमदाबादेस १८६५ मध्ये सहायक कलेक्टर म्हणून सुरू झालेली त्यांची सेवा पुढे न्यायखात्यात स्थिरावली. सोलापूर, कारवार, सातारा अशी ठिकाणे त्यांनी पाहिली. जेथे राहावे तेथील भाषा व माणसे आपली मानावी, हा त्यांचा स्वभाव होता. मराठी शिकून त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. प्रार्थना समाजाच्या मंडळींशी, विशेषतः डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या कुटुंबाशी, त्यांचा स्नेह जडला. १८८९ मध्ये त्यांचे ‘बोंबाई चित्र’ हे पुस्तक निघाले आणि बंगाली वाचकांना या इलाख्याचे दर्शन घडले. सरकारी चाकरीत असूनही १८६८ च्या हिंदुमेळ्यासाठी त्यांनी भारताच्या जयजयकाराचे गीत रचले होते.

अधिकाराच्या दृष्टीने मात्र त्यांची चढती कमान फार उंच गेली नाही. त्यांचे समकालीन तेलंग १८८९ मध्ये आणि रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसले. सनदी सेवेत सर्वांआधी शिरलेले सत्येंद्रनाथ सेवेच्या अखेरीसही जिल्हा न्यायाधीशच होते.

त्यांच्या बंगल्याचे दार धाकट्या भावंडांना सदैव उघडे असे. १८६७ मध्ये ज्योतिरिंद्रनाथ त्यांच्याकडे राहावयास आले. मराठीशी जुळलेले त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले व लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच बंगालीत आणले. सत्येंद्रनाथांना १८७२ मध्ये पुत्र सुरेंद्रनाथ व १८७३ च्या अखेरीस कन्या इंदिरा झाली. १८७७ मध्ये ज्ञानदानंदिनी पतीवाचून मुलांना घेऊन विलायतेस गेल्या. जी गोष्ट पूर्वी वडिलांनी नाकारली होती, ती अशी घडून आली. या परदेशवासात अपत्यवियोगाचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. इकडे १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेस शाहीबागेतील जुन्या महालात भावापाशी राहिले. पुढे इंग्रजी वळणाची सवय व्हावी म्हणून सत्येंद्रनाथांनी त्यांना मुंबईस आत्माराम पांडुरंगांच्या घरी ठेवले आणि त्याच वर्षी स्वतःबरोबर विलायतेस नेले. शाहीबागेच्या त्या महालातूनच पुढे ‘क्षुधित पाषाण’ ही कथा स्फुरली. १८८३ मध्ये कारवारच्या समुद्रकाठी भावाच्या घरी असताना रवींद्रनाथांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. शाळेत न रमलेल्या या मुलाला थोरल्या भावाने उपदेशाऐवजी जागा, सवड आणि विश्वास दिला.

१८९७ मध्ये साताऱ्याहून सत्येंद्रनाथ सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षी नाटोर येथील बंगाल प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उत्तरायुष्यात ‘गीता’ व ‘मेघदूत’ यांची बंगाली रूपांतरे, आदि ब्राह्म समाजाचे आचार्यपद आणि आठवणींचे लेखन यांत ते रमले. रांचीच्या मोराबादी टेकडीवर ज्योतिरिंद्रनाथ राहत. तेथेही त्यांचा मुक्काम असे. देवेंद्रनाथांच्या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद त्यांनी कन्या इंदिरादेवींच्या साहाय्याने केला. पित्याच्या ज्या घरात सून पालखीवाचून उंबरठा ओलांडू शकत नव्हती, त्याच पित्याचे चरित्र नातीच्या लेखणीतून इंग्रजीत उतरले. ही नात १८९२ मध्ये पदवीधर झाली आणि १९५६ मध्ये विश्वभारतीच्या उपाचार्यपदी बसली.

९ जानेवारी १९२३ रोजी सत्येंद्रनाथांचे देहावसान झाले. त्यांनी दिलेले निकाल आज दप्तरखान्याबाहेर कोणास ठाऊक नाहीत, आणि त्यात नवल नाही. प्रामाणिक न्यायाधीशाचे काम असेच नाव न ठेवता पार पडते. घरातील कर्त्या पुरुषाने वडिलांचा मान राखून पत्नीला मोकळे केले, मुलीला शिकविले व धाकट्या भावांना वाव दिला, तर त्याचे फळ पुढच्या पिढ्यांना मिळते. कारवारच्या किनाऱ्याला आज रवींद्रनाथांचे नाव आहे. त्या किनाऱ्यावर त्यांना नेणारे सत्येंद्रनाथही तेथे स्मरणीय आहेत.