यॉर्कटाउनची केटी

रिझल्टच्या रात्री आपल्या हॉस्टेलचं वातावरण कसं असतं ते मी वेगळं सांगायला नको. मेसमध्ये कुणाचं जेवणात लक्ष नसतं आणि कॉरिडॉरमध्ये एकच प्रश्न फिरत असतो, किती उडाले? थर्ड सेमला माझं मॅथ्स उडालं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. त्याच सुट्टीत लायब्ररीत एका माणसाचं चरित्र हाती लागलं. या गड्याची केटी एवढी मोठी होती की तिच्यापायी इंग्लंडच्या हातून अख्खी अमेरिका गेली! त्याचं नाव लॉर्ड कॉर्नवॉलिस. कॉन्व्हेंटमध्ये असताना 'कायमधारा पद्धत, १७९३' एवढंच त्याच्याबद्दल पाठ केलं होतं. माणूस मात्र आता भेटला.

चार्ल्स कॉर्नवॉलिसचा जन्म ३१ डिसेंबर १७३८ रोजी लंडनमध्ये, एका बड्या सरदार घराण्यात झाला. ईटनच्या शाळेत हॉकी खेळताना डोळ्याला मार लागला आणि तो डोळा जन्मभर किंचित तिरळा राहिला. तरुणपणी सैन्यात शिरला, इटलीतल्या ट्युरिनच्या सैनिकी शाळेत शिकला, जर्मनीत सप्तवार्षिक युद्धात लढला. १७६० मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला. १७६२ मध्ये वडील वारले आणि तो अर्ल होऊन लॉर्डांच्या सभागृहात गेला.

गंमत म्हणजे अमेरिकन वसाहतींवर पार्लमेंटचा पूर्ण हक्क सांगणारा कायदा १७६६ मध्ये आला, तेव्हा विरोधी मत देणाऱ्या मोजक्या लॉर्डांत तो होता. पण दहा वर्षांनी त्याच वसाहतींनी बंड केलं आणि राजाचा हुकूम आला, तेव्हा तो लढायला गेला. मत एक आणि नोकरी दुसरी, हे तेव्हाही होतंच! लढाई चालू असतानाच १७७९ मध्ये त्याची बायको जेमायमा वारली. मागे दोन लहान मुलं. त्या दुःखातच तो परत अमेरिकेला गेला.

१७८० मध्ये कॅम्डेनला त्याने मोठा विजय मिळवला. पुढच्या वर्षी गिलफर्डलाही जिंकला, पण त्यात सुमारे पाव सैन्य ठार किंवा जखमी झालं. मग तो समुद्रकाठी यॉर्कटाउनला तळ ठोकून बसला. हिशोब असा, की आपलं आरमार येईल, रसद आणि कुमक आणेल. पण आधी आलं ते फ्रेंच आरमार! त्याने खाडीचं तोंड बंद केलं आणि जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंचांचं सैन्य आलं. त्यांच्या इंजिनिअर लोकांनी रात्री खंदक खणत तोफा जवळ जवळ आणल्या (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही). १९ ऑक्टोबर १७८१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सात हजारांवर लोकांनी शस्त्रं खाली ठेवली. तो स्वतः आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, तलवार द्यायला दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. व्हायवाच्या दिवशी नेमका ताप येणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल, याची कारकीर्द संपली. पण राजाची मर्जी कायम होती. १७८६ मध्ये त्याला गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती अशी दोन्ही पदं देऊन कलकत्त्याला पाठवलं.

इथे तो टिपू सुलतानाशी लढला आणि इथेच आपल्या मराठी माणसांचा संबंध येतो. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या दारात जाऊनही त्याला परतावं लागलं. पाऊस, उपासमार, मेलेले बैल. ओढायला जनावरं नाहीत म्हणून मोठ्या तोफा स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या. यॉर्कटाउन पुन्हा होणार असं वाटत असतानाच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन मिळाली आणि मराठ्यांच्या बाजारात उपाशी इंग्रज फौजेला दाणागोटा मिळाला. फुकट नाही हं, चढ्या भावाने! पुढच्या खेपेला त्याने आधी रसदेचा बंदोबस्त केला, मगच पाऊल उचललं. १७९२ मध्ये टिपूला अर्धं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले, दोन मुलंही ओलीस ठेवावी लागली. म्हणजे गडी नापास झालेल्या पेपरातून शिकला होता.

इथवर वाचून मी खूश होतो. पण पुढचं प्रकरण वाचल्यावर जरा गप्प झालो. कंपनीच्या नोकरांची लाचखोरी थांबावी म्हणून त्याने त्यांचे पगार वाढवले, हे चांगलंच. पण त्याच वेळी वरच्या जागा हिंदी माणसांना बंद केल्या, कारण त्याच्या मते ती भरवशाची नव्हती. १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून दिला, तो वेळेवर भरला नाही तर जमीनदारी लिलावात. आणि जमीन कसणाऱ्या रयतेला मात्र खरं संरक्षण काहीच नाही.

नंतर १७९८ मध्ये तो आयर्लंडला गेला, तिथलं बंड मोडलं. कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत असं त्याचं मत होतं, राजाने नकार दिल्यावर १८०१ मध्ये त्याने पद सोडलं. १८०२ मध्ये फ्रान्सशी आमियाँचा तह केला. १८०५ मध्ये शिंदे-होळकरांशी चाललेली युद्धं मिटवायला म्हाताऱ्याला पुन्हा हिंदुस्थानात धाडलं. कलकत्त्याहून वर जाताना ५ ऑक्टोबर १८०५ रोजी गाझीपूरला तो वारला. गंगेकाठी त्याची कबर आहे.

मला राहून राहून वाटतं, अमेरिका घालवणाऱ्याला दुसरी संधी मिळाली, कारण तो अर्ल होता. त्याच माणसाने लाखो लोकांना पहिली संधीसुद्धा नाकारली, तीही परीक्षा न घेता. आपल्याला निदान ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, बापाचं नाव न सांगता.

माझं मॅथ्स सुटलं. पार्टनरने रात्र रात्र बसून शिकवलं म्हणून सुटलं. तेव्हा ज्युनिअर्सनो, नोट्स हव्या असतील तर खुशाल दार वाजवा. फक्त मेसच्या वेळेत नको!